रोज पुसूनही जागा मळकी का वाटते? अंतर्गत सजावटीतल्या या चुका टाळा

दवाखाना असो, सलून असो, बँकेची शाखा असो की अतिथिगृह. अभिप्रायाच्या वहीत दोन वाक्यं हमखास सापडतात. "स्वच्छता नाही" आणि "कुणी लक्ष देत नाही." मग सफाई कामगारांना बोलणी बसतात, काउंटरवरच्यांना हसतमुख राहण्याची तंबी मिळते, थोडे दिवस बरे जातात आणि वहीत पुन्हा तीच वाक्यं उमटतात. माझं म्हणणं असं की तीच तक्रार दुसऱ्यांदा आली की माणसांना जरा बाजूला ठेवावं आणि जागेकडे बघावं. फरशीचा रंग, दिव्यांची जात, काउंटरची उंची, बादली ठेवायची जागा हे ज्या दिवशी ठरलं, त्याच दिवशी यातल्या बऱ्याच तक्रारीही ठरून गेल्या.

येणाऱ्या माणसाला तुमची सफाई दिसत नाही. ती तो यायच्या आधी किंवा गेल्यावर होते. त्याला दिसतात त्या खुणा: नळाच्या बुडाशी साचलेला पांढरा थर, भिंतीवर राहिलेला चिकटपट्टीचा तुकडा, खुर्चीच्या पाठीने खरवडलेला रंग. त्यावरून तो न दिसणाऱ्या गोष्टींचा अंदाज बांधतो. चादर बदलली असेल ना? अवजारं निर्जंतुक केली असतील ना? माझा अर्ज हरवणार तर नाही? एका गुणावरून बाकीचे गुण गृहीत धरायची ही सवय एडवर्ड थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने १९२० मध्येच नोंदवली होती, तीही सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी हाताखालच्या माणसांना दिलेले गुण तपासताना.

जागेबाबतचा पुरावा याहून थेट आहे. सेवाक्षेत्राच्या अभ्यासक मेरी जो बिटनर यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात विमानतळावरच्या प्रवाशांना एक प्रसंग वाचायला दिला होता. ट्रॅव्हल एजंटच्या हातून चूक होते आणि तिकिटाला गरजेपेक्षा जास्त पैसे पडतात. सोबत एजंटच्या कार्यालयाचं छायाचित्र. काहींना नीटनेटक्या कार्यालयाचं, काहींना कागदांचा पसारा पडलेल्या कार्यालयाचं. चूक दोन्हीकडे तीच. तरी पसारा पाहिलेल्यांनी दोष एजन्सीच्या माथी जास्त मारला, आणि असं पुन्हा घडेल असंही त्यांना जास्त वाटलं. जागा नीट असेल तर एखादी चूक पोटात घातली जाते, पसाऱ्यात तीच चूक म्हणजे "इथे असंच चालतं."

आता एकेक तक्रार घेऊ.

"फरशी पुसली की चमकते, वाळली की पुन्हा पट्टे"

सगळ्यात जास्त ऐकू येणारी ही तक्रार, आणि सगळ्यात जास्त चुकीचे उपायही हिच्यावरच होतात. कारणं तीन असू शकतात, त्यामुळे आधी तपासा. पांढरा स्वच्छ फडका साध्या पाण्यात भिजवून घट्ट पिळा आणि हातभर जागा जोर लावून घासा. फडका बुळबुळीत लागला किंवा त्याला फेस आला, तर तो साबणाचा थर. फडका काळा झाला आणि घासलेला चौकोन वाळल्यावर आजूबाजूपेक्षा उजळ दिसला, तर जुना मळ. काहीच फरक पडला नाही, तर एकतर फरशीचा पृष्ठभाग खराब झालाय किंवा मुळात टाइलच चुकीची निवडली आहे.

साबणाचा थर तयार होतो तो चांगल्या हेतूने. "जरा जास्तच टाकलं की जास्त स्वच्छ होईल" म्हणून बादलीत झाकणाऐवजी अंदाजाने धार सोडली जाते. पाणी उडून जातं, साबण मागे राहतो, तो किंचित चिकट असतो आणि चपलांची धूळ धरून ठेवतो. म्हणजे जितकं पुसाल तितकी फरशी लवकर मळेल. उपाय फुकटातला आहे: काही दिवस फक्त कोमट साध्या पाण्याने पुसा आणि पाणी गढूळ व्हायच्या आत बदला. त्यानंतर बाटलीवर लिहिलेलं प्रमाण पाळा आणि मोजमापाचं झाकण बादलीच्या कडीलाच दोरीने बांधून ठेवा. ते झाकण पहिल्याच आठवड्यात हरवतं, म्हणून दोरी.

पृष्ठभाग खराब होण्यामागे बहुतेक वेळा आम्ल असतं. संगमरवर आणि चुनखडीचे दगड म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट; व्हिनेगर, लिंबू किंवा संडास साफ करायचं द्रावण पडलं की ते दगडालाच खातं. जो मंद, पांढुरका डाग दिसतो तो मळ नसतो, तिथला दगड गेलेला असतो. कितीही घासा, जाणार नाही. पुन्हा पॉलिश करावं लागेल. अशा फरशीसाठी तटस्थ पीएचचंच, म्हणजे आम्लही नाही आणि अल्कधर्मीही नाही असंच, द्रावण ठेवा आणि आम्लाची बाटली त्या खोलीत येऊच देऊ नका. ओघात सांगायचं तर, आम्लाचं द्रावण आणि ब्लीच कधीही एकत्र करायचं नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि छोट्या बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

उरली निवड. काळी चकचकीत फरशी नमुन्याच्या तुकड्यात फार देखणी दिसते. पण धूळ फिक्या रंगाची असते, पाण्याचे वाळलेले थेंब पांढरे असतात, त्यामुळे गडद चकचकीत फरशीवर सगळं उठून दिसतं. शुभ्र फरशीवर उलट, प्रत्येक केस आणि टाचेची प्रत्येक काळी रेघ दिसते. वर्दळीच्या जागी मधली छटा आणि बारीक ठिपक्यांचा पोत सगळ्यात समजूतदार. पण याचाही अतिरेक नको. वॉशरूममध्ये पिवळट-तपकिरी शिरांची टाइल लावलेली अनेक ठिकाणी दिसते. ती कितीही धुतली तरी डागाळलेलीच वाटते, कारण त्या शिरांचा रंग आणि त्या खोलीतल्या घाणीचा रंग एकच आहे. ज्या खोलीत जो मळ अपेक्षित असतो, त्या रंगाची नक्षी तिथे नको, इतकं लक्षात ठेवलं तरी खूप झालं.

दाराशी पायपुसणं टाकताना कंजुषी होते. एका पावलापुरतं पायपुसणं म्हणजे शोभेची वस्तू. माणूस त्याला ओलांडून जातो. बाहेर खरखरीत, आत पाणी शोषणारं, आणि दोन्ही पाय निदान दोनदा तरी टेकतील एवढी लांबी हवी. आतल्या फरशीचं निम्मं दुखणं दारातच अडवता येतं.

"टाइल स्वच्छ, पण मधल्या रेघा काळ्या"

टाइलच्या सांध्यांत भरलेलं सिमेंटचं ग्राउट सच्छिद्र असतं. पुसण्याचं गढूळ पाणी सांध्यात उतरतं आणि तिथेच मुरतं. त्यातच कुणीतरी आम्लाच्या द्रावणाने सांधे उजळवतो. ते चार दिवस पांढरे दिसतात, कारण वरचा थर खरवडला गेलेला असतो, आणि नंतर आणखी खडबडीत झाल्यामुळे आणखी लवकर काळे पडतात. सांधे आम्लाने नव्हे, अल्कधर्मी द्रावणाने आणि ताठ केसांच्या ब्रशने घासा. पूर्ण वाळू द्या, ओल राहिली तर पुढचं सगळं वाया. मग सीलर, म्हणजे पाणी मुरू न देणारा लेप, लावा. सांधे पोकळ झाले असतील तर खरवडून इपॉक्सी ग्राउट भरून घ्या. ते महाग पडतं, भरायला कटकटीचं असतं, पण पाणी पीत नाही.

नव्याने काम करत असाल तर जमिनीवर पांढरं ग्राउट भरू नका. भिंतीवर चालेल. जमिनीवर मधला राखाडी. मोठ्या टाइल घेतल्या की सांधे कमी होतात हे खरं, पण न्हाणीघरात पाण्याच्या जाळीकडे चारी बाजूंनी उतार द्यायचा असतो आणि मोठी टाइल वाकत नाही. तिथे पाणी तुंबतं, तुंबलेलं पाणी वाळून कडा उमटतात, आणि मग दोष पुसणाऱ्याला. जाळीभोवती छोट्या टाइलच बऱ्या.

"सगळं पांढरं केलं, तरी स्वच्छ वाटत नाही"

पांढरा रंग मळ दाखवतो, म्हणून तो स्वच्छतेचं प्रमाण मानला गेला. पण तो प्रामाणिक आहे म्हणूनच तो रोज पुसण्याची तयारी नसलेल्या जागेला परवडत नाही. त्यात साधा मॅट इमल्शन लावला असेल तर आणखी पंचाईत: डाग पुसायला गेलं की पुसलेल्या जागी तुकतुकीत चट्टा उमटतो. स्विचबोर्डच्या भोवती, दाराच्या कडेला, रांग जिथे वळते त्या कोपऱ्यावर हे चट्टे हमखास दिसतील. जिथपर्यंत हात, खांदा, पिशवी आणि खुर्चीची पाठ पोचते तिथपर्यंत, म्हणजे साधारण १.२ मीटर उंचीपर्यंत, सॅटिन किंवा धुता येणारा रंग लावा. वर मॅट खुशाल असू दे. खुर्च्या भिंतीला टेकत असतील तर पाठीच्या उंचीवर आडवी पट्टी मारा.

पांढऱ्या भिंतीत पांढरं दार आणि त्याला पांढरं हँडल ही आणखी एक लाडकी चूक. दृष्टी कमजोर असलेल्या माणसाला दार सापडत नाही, तो भिंत चाचपडत जातो आणि बोटांचे ठसे वर्षभर त्याचा मार्ग दाखवत राहतात. पृष्ठभाग किती प्रकाश परत फेकतो याचं ० ते १०० असं एक मोजमाप असतं, रंगाच्या डब्यावर किंवा छटापुस्तिकेत ते 'एलआरव्ही' म्हणून छापलेलं असतं. ब्रिटनच्या बीएस ८३०० या मानकाच्या शिफारशीप्रमाणे, लगतच्या दोन पृष्ठभागांत या मोजमापाचा ३० अंकांचा फरक असला की ते वेगळे ओळखू येतात. दाराची चौकट आणि हँडल एवढ्या फरकाचे घेतले की ठसेही कमी होतात आणि "संडास कुठे आहे?" हा प्रश्नही.

इथे मला वास्तुरचनाकार आल्वार आल्टो यांच्या पाइमिओ इथल्या क्षयरोग रुग्णालयाची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. फिनलंडमधली ही इमारत १९३३ मध्ये पुरी झाली. रुग्ण दिवसभर आडवा असतो, त्याला छत दिसतं, म्हणून आल्टोंनी खोल्यांची छतं गडद हिरव्या छटेत रंगवली. डोळ्यांवर चकाकी येऊ नये म्हणून. शेजारच्या रुग्णाची झोप मोडू नये म्हणून हात धुण्याच्या बेसिनची उतरण अशी बेतली की पाणी आवाज न करता पडावं. स्वच्छता आणि सेवा या दोन वेगळ्या खात्यांच्या गोष्टी नाहीत, हे त्या एका बेसिनमध्ये दिसतं.

यावरून तपासणीची पद्धतही निघते. मालक जागा उभं राहून, चालताना बघतो. येणारा माणूस ती बसून बघतो, कधी झोपून. दातांच्या डॉक्टरांच्या खुर्चीत स्वतः आडवे व्हा आणि वर बघा: एसीच्या जाळीवरची काळी लव, फॉल्स सीलिंगवरचा ओलीचा तपकिरी नकाशा, दिव्याच्या काचेत मेलेले किडे. रुग्ण तोंड उघडून वीस मिनिटं हेच बघत असतो. प्रतीक्षा कक्षात प्रत्येक खुर्चीवर एकदा बसून घ्या. टेबलांच्या फळ्यांची खालची बाजू, स्कर्टिंगवरची धूळ, वायरींचं जाळं हे सगळं बसल्यावर नजरेच्या टप्प्यात येतं.

दिव्यांच्या चुका

बहुतेकांचा समज असा की प्रकाश जितका पांढरा तितकी जागा स्वच्छ दिसते, म्हणून ६५०० केल्व्हिनचे, म्हणजे निळसर-पांढऱ्या छटेचे, दिवे सरसकट लावले जातात. त्यांच्यात रंग नीट दाखवण्याची क्षमता कमी असेल (हे मोजमाप सीआरआय नावाने खोक्यावर असतं) तर माणसांचे चेहरे आजारी दिसतात, टॉवेल करडे दिसतात आणि लाकूड राखेसारखं. उलट टोकाला, २७०० केल्व्हिनच्या पिवळ्या प्रकाशात पांढरी चादर जुनाट वाटते. ज्या खोलीत स्वच्छतेबद्दल शंका येऊ शकते तिथे ३५०० ते ४००० केल्व्हिन आणि ९० च्या आसपास सीआरआय, हा माझा ठरलेला पर्याय. बसण्याच्या, विसाव्याच्या जागी ३००० चालतो.

त्याहून मोठी चूक मात्र सरमिसळीची आहे. एक दिवा गेला, दुकानात जो मिळाला तो आणून लावला. छतावर चार पिवळे, एक निळसर, एक मिणमिणता. ही रांग बघून कुणालाही कळतं की इथे देखभाल जमेल तशी होते. लावताना त्याच बनावटीचे, त्याच छटेचे दोन-चार दिवे जास्त घेऊन ठेवा आणि खोक्याचं झाकण जपून ठेवा. एवढंच.

किती प्रकाश हवा? युरोपच्या ईएन १२४६४-१ या मानकात स्वागतकक्षाच्या टेबलाला ३०० लक्स आणि स्वच्छतागृहाला २०० लक्स सांगितले आहेत. फोनमधलं लक्स मोजणारं ॲप अगदी अचूक नसतं, पण ७० आणि २०० मधला फरक ते सांगतंच. मळ झाकण्यासाठी प्रकाश कमी करण्याचा मोह अनेकांना होतो. स्वच्छतागृहात तो अंगाशी येतो. अंधाऱ्या संडासात माणूस शिरतानाच नाक मुरडतो, मग आत काहीही असो.

आणखी एक. भिंतीला अगदी चिकटून वरून खाली सोडलेला प्रकाश छायाचित्रात सुरेख दिसतो, पण तो पुट्टीतला प्रत्येक उंचवटा आणि प्रत्येक जळमट ठळक करतो. भिंत अगदी सपाट नसेल तर दिवे भिंतीपासून लांब घ्या. लांब बोळाच्या टोकाला मोठी खिडकी असेल तर चकचकीत फरशीचेही हेच हाल होतात: समोरून येणाऱ्या उजेडात पुसण्याचे सगळे फटकारे दिसतात. तिथे फरशीला मंद पोत हवा.

"फिनेल टाकतो, अगरबत्ती लावतो, तरी वास"

सुगंध हा उपाय नाही, कबुली आहे. दारातच जोरकस वास आला की माणूस "काय झाकताय?" असंच मनात म्हणतो. वासाचं उगमस्थान शोधायचं तर आधी जमिनीतल्या जाळीखालचा ट्रॅप बघा. नहाणी ट्रॅपमध्ये साधारण ५० मिलिमीटर पाणी कायम उभं असतं आणि तेच गटाराची हवा अडवतं. वापर नसलेल्या खोलीत, एसीच्या कोरड्या हवेत हे पाणी उडून जातं आणि मग ड्रेनेजचा वास थेट खोलीत. उपाय: आठवड्यातून एकदा प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी. आता पैज लावून सांगतो, अतिथिगृहांच्या "खोली कुबट होती" या तक्रारींत हे कारण वारंवार निघतं.

दुसरं कारण पंखा. हवा बाहेर फेकणारा पंखा लावला, पण दार खालून घट्ट बसतंय आणि खिडकी बंद. आत हवा यायला वाट नसेल तर पंखा नुसता घरघरतो. दाराखाली बोट-दीड बोट फट ठेवा किंवा दारात जाळी बसवा. टिशू पेपरचा तुकडा पंख्याच्या जाळीला लावून बघा; चिकटून राहिला तर ठीक.

ओल असेल तर वरून रंग मारू नका. पोपडे पुन्हा येणारच, आणि दरम्यान वास भिंतीत मुरतो.

"कुणी विचारलंच नाही"

आता दुसऱ्या तक्रारीकडे. कर्मचारी उर्मट आहेत असं ऐकलं की मी आधी काउंटर मोजतो. तो छातीइतका उंच असेल तर मागे बसलेल्या माणसाचं फक्त कपाळ दिसतं. त्याने नजर वर केली तरी येणाऱ्याला ती दिसत नाही. आणि दिसली तर ती खालून वर, कपाळाला आठ्या घालून. चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला तर समोर फक्त लॅमिनेटची भिंत. अमेरिकेच्या २०१० च्या सुलभता मानकांनुसार काउंटरचा निदान एक भाग ३६ इंचांहून, म्हणजे सुमारे ९१५ मिलिमीटरहून, उंच असता कामा नये. दोन उंचींचा काउंटर करा, किंवा काउंटर उंचच ठेवायचा असेल तर मागे उंच स्टूल द्या, म्हणजे दोघांचे डोळे एका पातळीवर येतील.

मग संगणक कुठे आहे ते बघा. पडदा असा ठेवलेला असतो की कर्मचाऱ्याची पाठ किंवा खांदा दाराकडे होतो, कारण प्लगचं सॉकेट त्या बाजूच्या भिंतीत होतं. इलेक्ट्रिशियनने ठरवलेल्या एका सॉकेटपायी येणारा प्रत्येक माणूस दुर्लक्षित होतो! सॉकेट हलवा. दार आणि चेहरा समोरासमोर आले की वेगळं प्रशिक्षण द्यावं लागत नाही. मान आपोआप वर होते.

काउंटरवर काय आहे हाही भाग आहेच. पेनाला दोरी, कोपरे दुमडलेली वही, कुणाचा तरी चार्जर, अर्धा प्यालेला पेला. आतल्या बाजूला, येणाऱ्याला न दिसेल असा, खोलगट खण नसेल तर हा पसारा वरच येणार. शिस्तीने तो जात नाही, खणाने जातो.

आवाजाकडे मात्र फारसं कुणी बघत नाही. काच, ग्रॅनाइट, टाइल, जिप्समचं छत: पुसायला सगळं सोपं, पण आवाज शोषणारं काहीच नाही. भोवतालचा गोंगाट वाढला की माणूस नकळत आवाज चढवतो; एतिएन लोंबार या फ्रेंच डॉक्टरांनी १९११ मध्ये हे दाखवून दिलं आणि तो परिणाम आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. म्हणजे काउंटरवरचा कर्मचारी ओरडत नसतो, खोली त्याला ओरडायला लावते. ऐकणाऱ्याला मात्र तो "खेकसला" असं वाटतं. आणि आपल्या आजाराचं नाव मागच्या रांगेतल्या सगळ्यांनी ऐकलं, याचा राग वेगळाच. छताला आवाज शोषणाऱ्या टाइल लावल्या तर जमीन-भिंती धुण्याजोग्याच राहतात आणि काम होतं. पडदे, गालिचे टाकून हाच परिणाम साधायला गेलात तर धूळ आणि वास पदरात पडेल.

प्रतीक्षेबद्दल व्यवस्थापनाचे अभ्यासक डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ मध्ये जे मांडलं ते अजून तसंच लागू आहे: रिकामा गेलेला वेळ लांब वाटतो, किती थांबायचं ते माहीत नसलं तर आणखी लांब, आणि आपल्यामागून आलेला आधी आत गेला तर सगळ्यात लांब. यातलं तिसरं खुर्च्यांच्या मांडणीने बिघडतं. रांगेची सुरुवात कुठे, शेवट कुठे हेच कळत नसेल, तर जो दाराशी उभा राहतो तो पुढे जातो. क्रमांक दाखवणारा फलक सगळ्या खुर्च्यांवरून दिसतो का, हे बसून तपासा. बऱ्याचदा तो खांबाआड असतो किंवा खिडकीचा उजेड त्यावर पडून अंक वाचता येत नाहीत.

खुर्च्या घेताना बैठक आणि पाठ यांच्यामधली फट बघून घ्या. त्या फटीत कागदाचे तुकडे, केस, तिकिटं साचतात आणि तिथे फडका पोचत नाही. फट इतकी मोठी हवी की कचरा खाली पडेल, किंवा मुळीच नको.

भिंतीवरच्या सूचना काढा

"कृपया दार हळू लावावे." "टिशू कमोडमध्ये टाकू नये." "नळ नीट बंद करावा." "येथे टेकू नये." कागदावर छापून, चिकटपट्टीने लावलेली प्रत्येक सूचना म्हणजे रचनेतल्या एका दोषाची जाहीर नोंद आहे. दार आपटतं, कारण त्याला क्लोजर (दार सावकाश मिटवणारी कळ) नाही किंवा तो बिघडलाय. टिशू कमोडमध्ये पडतो, कारण बसल्या जागेवरून हात पोचेल अशी कचरापेटी नाही. नळ ठिबकतो, कारण वॉशर गेलाय. दोष दुरुस्त करा, कागद फाडा आणि मागे राहिलेला चिकटपट्टीचा गोंदही काढा. तोही धूळ धरतो.

याला दुसरीही बाजू आहे. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन इथे केइझर, लिंडेनबर्ग आणि स्टेग या संशोधकांनी केलेले रस्त्यावरचे प्रयोग २००८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. एका बोळात लावलेल्या सायकलींच्या हँडलला पत्रकं अडकवली आणि लोक ती कुठे टाकतात ते पाहिलं. भिंत स्वच्छ होती तेव्हा ३३ टक्के लोकांनी पत्रक जमिनीवर टाकलं वा दुसऱ्या सायकलीला अडकवलं. 'इथे भित्तिचित्रं काढू नयेत' अशी पाटी तशीच ठेवून भिंतीवर रेघोट्या मारल्या तेव्हा ६९ टक्क्यांनी. जिचा नियम उघड मोडलेला दिसतो अशी पाटी, पाटीच नसण्यापेक्षा वाईट, असा मी त्याचा व्यवहारातला अर्थ लावतो. तुमच्या बेसिनशेजारी पडलेला पहिला टिशू आणि फुटलेली पहिली टाइल याच कारणाने महागात पडतात. पुढच्या माणसाच्या हातून दुसरा टिशू तिथेच पडतो.

याच जातीचा कागद म्हणजे स्वच्छतागृहाच्या दारामागचा सफाईचा तक्ता. वेळेचे रकाने आणि सह्या. तो भरलेला आणि आजचा असेल तर चांगलाच, पण सकाळी अकरा वाजता त्यात संध्याकाळपर्यंतच्या सगळ्या सह्या एकाच पेनाने, एकाच तिरकस वळणात दिसल्या की वाचणारा हसतो आणि बेसिनकडे संशयाने बघतो. भरता येत नसेल तर तक्ता काढून टाका.

बादलीला घर नाही

शेवटी ज्या चुकीबद्दल मला खरोखर राग येतो ती. आराखड्यात स्वागतकक्षाला जागा, कुंडीला जागा, नावाच्या चमकत्या अक्षरांना जागा. झाडू, मॉप, बादली, द्रावणाच्या बाटल्या यांना काहीच नाही. मग ओला मॉप संडासाच्या कोपऱ्यात उभा, बादली बेसिनखाली, फडके खिडकीच्या गजाला वाळत. येणाऱ्याला सफाईचं सामानच घाण म्हणून दिसतं. शिवाय बादली भरायला नळ नाही. बेसिनच्या नळाखाली ती तिरकी धरावी लागते, अर्धीच भरते, आणि म्हणून अर्ध्या बादलीत तीन खोल्या पुसल्या जातात. पट्टे का राहतात याचं चौथं कारण हेच, आणि ते कामगाराला विचारल्याशिवाय कळत नाही.

मीटर-सव्वा मीटर रुंदीचं एक कपाट पुरतं. आत जमिनीलगत उथळ हौद, त्यावर बादलीच्या उंचीइतका वर नळ, मॉप उलटा टांगायला खुंट्या, वर बाटल्यांची फळी, आणि दाराला हवेसाठी जाळ्या. बोळात दर काही अंतरावर यंत्रासाठी सॉकेट. कमोड भिंतीवर टांगता येण्याजोगा असेल तर तो घ्या, खालून मॉप सरळ फिरतो. जमीन आणि भिंत यांचा काटकोन गोलाई देऊन भरला तर कोपऱ्यात काळी रेघ धरत नाही. खोट्या कुंड्या टाळा. त्यांच्या प्लॅस्टिकच्या पानांवरची धूळ कुणीही कधीच पुसत नाही.

सगळं एकदम करायला पैसे नसतात, म्हणून क्रम. पहिल्या दिवशी सूचनांचे कागद, गोंद, काउंटरवरचा पसारा आणि ट्रॅपमध्ये पाणी. त्या आठवड्यात एकाच छटेचे दिवे, द्रावणाचं माप, बेसिनशेजारी आणि कमोडशेजारी कचरापेटी, ठिबकणारे नळ. महिन्याभरात पायपुसणं, सांधे, हाताच्या उंचीपर्यंतचा धुता येणारा रंग, संगणकाची दिशा. बादलीचं कपाट आणि काउंटर सुताराच्या सवडीने. फरशी बदलणं सगळ्यात शेवटी, आणि तेही निवडलेल्या टाइलचे दोन-तीन तुकडे आठवडाभर दारात टाकून, त्यांच्यावरून माणसं चालू देऊन, रोजच्याच मॉपने पुसून बघितल्यावर.